विनातिकीट प्रवास : हेतु आणि शिक्षा



आमच्या बुधवार पेठेंत अप्पा बळवंत चौकांतून पुस्तकें नेण्यासाठीं तळेगांव-लोणावळ्याकडील पुष्कळ विद्यार्थी लोकलगाडीनें येतात. त्यांपैकीं एखादा तिकिटावांचून सांपडला, म्हणजे दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, ‘दहापांच रुपयांसाठीं एवढा गाजावाजा कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘चोर तो चोरच!’ कायदा या दोहोंच्या मध्यें उभा आहे. नेमका कोठें, तें पालकांनीं जाणून घ्यावें.

लबाडी आणि नुसता तिकिटाचा अभाव यांत १८९० च्या रेल्वे कायद्यानेंच भेद केला होता. १९८९ च्या कायद्यानें तो कायम ठेविला. त्याचें १३७ वें कलम रेल्वेस फसविण्याचा हेतु असेल तरच लागू होतें. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. १३८ व्या कलमांत मात्र आकारणी आहे : प्रवासाचें भाडें, आणि शिवाय तितकीच रक्कम किंवा २५० रुपये, यांत जें अधिक असेल तें. पैसे भरले कीं प्रकरण बहुधा तेथेंच मिटतें. न भरल्यास वसुलीसाठीं मॅजिस्ट्रेटकडे जावें लागतें, आणि तेथेंही रक्कम न दिल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते.

येथेंच विचारी मनुष्य थबकतो. चूक एकच, पण ज्याचा खिसा भरलेला तो घरीं जातो, ज्याचा रिकामा तो तुरुंगाच्या दाराशीं पोंचतो. कायद्यास दयेचा अगदींच विसर पडलेला नाहीं. एकट्या स्त्रीस वा बालकास रात्रीं गाडीबाहेर उतरवूं नये, व दिवसाही वाटेल त्या आडस्थानकावर उतरवूं नये, असें १३९ वें कलम बजावतें. पण दारिद्र्याचें उत्तर त्यांत नाहीं.

तरीही एक वाट ५५ व्या कलमानें मोकळी ठेविली आहे. तिकीट मिळालें नाहीं, तर गाडींत चढण्यापूर्वीं अधिकारी रेल्वेसेवकास तें सांगून परवानगी मागावी. त्यानें भाडें मागाहून भरण्याच्या अटीवर दाखला दिला, तर जादा आकारणी होत नाहीं.

शाळेंतही आम्ही हेंच पाहत आलों. गृहपाठ झाला नाहीं हें वही मागण्यापूर्वीं सांगणारा मुलगा आणि मागितल्यावर सबब शोधणारा मुलगा, यांना एका मापानें मोजणारा गुरुजी न्यायी नव्हे. मुलांस तिकिटाचे पैसे द्यावेतच. पण त्यांबरोबर आधीं बोलण्याचें धैर्यही द्यावें.