कुळाची आठवण आणि लोककथा : ‘हिंदू’ कादंबरीचे वाचन

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या परिसराचा भूतकाळ आजच्या माणसापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. 1670 मध्ये मराठ्यांनी कर्नाळा किल्ला मोगलांकडून घेतला, ही नोंद इतिहासग्रंथांत सापडते. तर पनवेलच्या डोंगरपट्ट्यातही वस्ती असलेला कातकरी समाज आपल्या कुळाचे नाते रामाच्या वानरसेनेशी जोडतो, ही कथा तोंडोतोंडी चालत आलेली आहे. अशा कथेला लोकसाहित्याचे अभ्यासक उत्पत्तिकथा म्हणतात, म्हणजे ‘आपण कोठून आलो’ या प्रश्नाला एखाद्या समाजाने कथेच्या रूपात दिलेले उत्तर. तिच्यात कुळाची आठवण कोठे संपते आणि लोककथा कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीच्या वाचनाची किल्ली आठवण आणि कथा यांच्या याच धूसर सीमेत आहे.

नेमाडे यांना समग्र साहित्यसेवेसाठी 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्या गौरवामुळे या ग्रंथाकडे वळलेल्या वाचकाला सरळ रेषेत पुढे सरकणारे कथानक मात्र मिळत नाही. खंडेराव हा तरुण पुरातत्त्वसंशोधक मोहेंजोदडोच्या उत्खननात असताना वडिलांच्या आजारपणाची वार्ता त्याला कळते आणि तो खानदेशातील मोरगावकडे निघतो; बाह्य घटना एवढीच, परंतु या प्रवासात त्याच्या स्मृतीतून पूर्वज, आत्या, शेतकरी, भटक्या जमाती आणि त्यांची गाणी, कथा व विधी यांची गर्दी उसळते. नायक पुरातत्त्वज्ञ असणे हा योगायोग नव्हे, कारण उत्खनन करणारा मातीचा प्रत्येक थर जपून पाहतो आणि फुटकी खापरेही टाकून देत नाही. कादंबरीचा निवेदक, म्हणजे कथा सांगणारा आवाज, आठवणींशी तसाच वागतो.

म्हणून वाचकाने ‘पुढे काय घडले’ यापेक्षा ‘हे कोण सांगते आहे, कोणाला आणि कशासाठी’ असे विचारत वाचावे. एखादा प्रसंग प्रत्यक्षात घडला की रचला गेला, याचा निवाडा करण्याची घाई करू नये, कारण कुळकथा माणसांची नावे आणि जमिनीचे वाद लक्षात ठेवते, लोककथा त्याच माणसांचे भय, इच्छा आणि श्रद्धा सांभाळते, आणि कादंबरी या दोहोंना एकमेकींच्या साक्षीला उभे करते. महानुभाव पंथात गेलेल्या तिरोनी आत्येसारखी स्त्री वंशावळीत जेमतेम एका नावापुरती उरली असती. येथे तिचा शोध खंडेरावाच्या जगण्याचा भाग होतो. नेमाडे ज्या देशीवादाचा पुरस्कार करतात, म्हणजे साहित्याची मुळे आपल्या भूमीत, भाषेत आणि परंपरेत शोधणारी जी दृष्टी मांडतात, तिचे कलात्मक रूप अशा ठिकाणी दिसते.

या गद्याची लय बोलण्याची आहे, त्यामुळे काही पाने मोठ्याने वाचल्यास लांब वाक्यांतील आवाजांचे चढउतार कानाला कळतात आणि डोळ्यांना अवघड वाटणारा मजकूर सुगम होतो. ज्यांची नोंद दप्तरांनी घेतली नाही, त्या स्त्रियांना, कष्टकऱ्यांना आणि भटक्यांना इतिहासात जागा देणे, हे या कादंबरीचे सर्वांत मोठे यश आहे. वाचकांनी ती सावकाश, थोडीथोडी वाचावी आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या गोष्टीही त्याच आदराने ऐकून लिहून ठेवाव्यात.