दिव्यांगांचे प्रशिक्षण आणि गावाची जबाबदारी



दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अन्वये व्यावसायिक प्रशिक्षणाची व स्वयंरोजगारास साहाय्य करण्याची जबाबदारी शासनावर आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. ते आता 21 झाले आहेत. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागाही किमान 3 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर गेल्या. परंतु कायदा कोणाचा हात धरून त्याला प्रशिक्षण केंद्रापर्यंत नेत नाही. ते काम गावाचे आहे.

मिरज येथील शासकीय केंद्राचे उदाहरण घ्या. तेथे प्रौढ दिव्यांगांना संगणक, मोटार व आर्मेचर रिवाइंडिंग यांसारखे अभ्यासक्रम विनामूल्य शिकविले जातात. राहण्याजेवण्याचीही सोय होते. विहिरीविहिरीवर विजेचे पंप असलेल्या आपल्या ग्रामीण भागात जळालेली मोटार भरून देणारा कारागीर सर्वांनाच हवा असतो. हे काम बरेचसे बसून करता येते. पाय अधू असलेल्या तरुणाला त्यातून मानाची भाकरी मिळू शकते.

मात्र प्रमाणपत्र घेऊन परतलेल्या या तरुणापाशी अवजारे नसतील, तर शिकलेली विद्या वाया जाईल. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ती वर्षअखेरीस किरकोळ वाटपात संपविण्यापेक्षा अशा कारागिराच्या दुकानाला तिचा आधार द्यावा.

शिक्षकांनी अशी मुले हेरावीत, अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच मिळवून द्यावे आणि पालकांच्या मनातील भीती दूर करावी. सरपंचांनी प्रवेशाची सूचना ग्रामसभेत वाचून दाखवावी. एवढे झाले, तरी घरात बसलेला एक माणूस गावाच्या उपयोगी पडेल.