साक्षीदाराच्या पिंजऱ्यात



अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९५७ ते १९६६ या काळात ‘पेरी मेसन’ ही मालिका चालली. भाग २७१. मूळ कादंबऱ्या अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या, आणि गार्डनर स्वतः वकिली केलेले. १९६३ मधला ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ हा भाग सुरू होतो तोच ज्यूरीच्या निकालाने. मेसनची अशील दोषी ठरते, तिला देहदंड होतो. जवळजवळ कधीच न हरणारा हा वकील इथे खटला हरलेला आहे, आणि शिक्षेची वेळ येण्याआधी खरा खुनी शोधायला तो पुन्हा कामाला लागतो.

बाकीच्या बहुतेक भागांचा शेवट प्रेक्षकांना पाठ असे. मेसन एका साक्षीदाराला प्रश्नांमागून प्रश्न विचारत जातो आणि पिंजऱ्यातला तो माणूस, किंवा मागे बाकावर बसलेला कुणीतरी, कोलमडून म्हणतो, “होय, मीच मारलं.” आपल्या हिंदी-मराठी सिनेमांनी आणि मालिकांनी हाच शेवट इतका गिरवला, की कोर्टाचे काम असेच चालते असे पुष्कळांना मनापासून वाटते. म्हणून आज मला विचारायचे आहे ते हे : अंधेरीतल्या किंवा बोरिवलीतल्या खुनाचा खटला दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालू आहे आणि एक साक्षीदार भर कोर्टात असे बोलला, तर पुढे काय होईल?

पहिली गोष्ट, त्या साक्षीदाराला तिथल्या तिथे बेड्या पडणार नाहीत. आपल्या कायद्यात साक्षीदाराला ‘उत्तर दिले तर मी अडकेन’ म्हणून गप्प राहता येत नाही. पण कोर्टाने भाग पाडल्यामुळे त्याने जे उत्तर दिले, ते त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १३२ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३७ आहे. म्हणजे मेसनने ज्या उत्तरासाठी तासभर जंग जंग पछाडले, त्या उत्तराने तो साक्षीदार लगेच फासावर जाणार नाही.

मग ते वाया गेले का? नाही. पुराव्यातून दुसराच कुणी गुन्हेगार दिसू लागला, तर न्यायाधीश त्याला त्याच खटल्यात आरोपी म्हणून बोलावू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५८, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ३१९, त्यासाठीच आहे. आणि मूळ आरोपीला तर खरा खुनी शोधून देण्याची गरजच नसते. सरकार पक्षाच्या पुराव्याबद्दल वाजवी शंका उरली, तर तो सुटतो. मला हा आपल्या न्यायपद्धतीचा सगळ्यात मोठा आधार वाटतो. गरिबाच्या वकिलाकडे मेसनकडे असतो तसा खासगी गुप्तहेर नसतो, आणि कायदा त्याच्याकडून तशी अपेक्षाही करत नाही.

मेसनचे खरे हत्यार उलटतपासणी, आणि ते आपल्याकडेही तेवढेच धारदार आहे. आधी सरतपासणी, मग उलटतपासणी, लागली तर फेरतपासणी. पोलिसांना दिलेल्या जबाबात एक आणि कोर्टात दुसरेच, असे झाले की वकील ती विसंगती साक्षीदारासमोर ठेवतो. पण हे सारे संथ चालते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे टंकलेखकाला सांगतात, मग पुढचा प्रश्न. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात हा संथपणा जसाच्या तसा आहे. तारीख पडते, आणि पुढच्या तारखेला पुन्हा सगळे गोळा होतात.

हेच हत्यार माणसाला सोलायलाही वापरता येते, हे आपल्याला विजय तेंडुलकरांनी दाखवले, आणि त्याची सुरुवात आपल्याच उपनगरात झाली. एक हौशी मंडळी पार्ल्यात अभिरूप खटल्याचा प्रयोग करायला निघाली होती. ती तेंडुलकरांना लोकलमध्ये भेटली. त्या मंडळींचे बोलणे ऐकता ऐकता नाटकाचा आराखडा तेंडुलकरांच्या डोक्यात आकार घेऊ लागला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि नायिका लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. खेळ म्हणून बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. मग एकेक जण पिंजऱ्यात येऊन त्यांचे खासगी आयुष्य उघडे पाडतो. ज्याची जबाबदारी त्यांच्याइतकीच आहे तो प्राध्यापक दामले मात्र आलेलाच नसतो. मेसनच्या कोर्टात दडलेला गुन्हेगार बाहेर येतो. तेंडुलकरांच्या कोर्टात तो येतच नाही, आणि उपस्थित बाईवर सगळे तुटून पडतात. मला विचाराल तर तेंडुलकरांचे कोर्ट आपल्या समाजाला जास्त ओळखते.

कोर्टात बाईचे खासगी आयुष्य असे उघडे पाडले जाण्याबाबत कायदा फार उशिरा जागा झाला. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी ठरवण्याची मुभा जुन्या कायद्याच्या कलम १५५ मध्ये होती. ती २००२ च्या दुरुस्ती कायद्याने काढली गेली. अश्लील किंवा केवळ अपमान करण्यासाठी विचारलेला प्रश्न थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे, हे साक्षीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवे.

आता जे मला सगळ्यात निकडीचे वाटते ते. मालिकेत साक्षीदार हमखास हजर असतो. आपल्याकडे तोच येत नाही, किंवा येऊन फिरतो, फितूर होतो. कारण उघड आहे : दिवसाची मजुरी बुडते, आणि आरोपी त्याच चाळीत, त्याच गल्लीत राहत असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. धमकी येत असेल तर साक्षीदाराला संरक्षणासाठी अर्ज करता येतो. साक्षीदार किती असावेत याची कायद्यात अट नाही. एकाच विश्वासार्ह साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, आणि एकाच्याच खऱ्या शब्दावर निर्दोष माणूस सुटूही शकतो.

म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. साक्षीचे समन्स आले तर टाळू नका. तारखेला जा. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. कुणी दबाव आणत असेल, तर ते त्याच कोर्टात न्यायाधीशांच्या कानावर घाला.