कळवणची रानभूमि आणि तिचे धनी

मायभूमि हा शब्द शहरांतील सुशिक्षित माणसाच्या कानीं पडला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें बहुधा एक नकाशा उभा राहतो. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या कळवण तालुक्यांत, पश्चिमेकडील डोंगराळ भागांत राहणाऱ्या कोकणा किंवा भिल्ल शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें उतारावरचें नागलीचें एक लहानसें वावर येतें, बांधावरचा मोह येतो आणि शिवेवरचा वाघदेव येतो. मार्गशीर्षांत ज्या डोंगरांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, तो डोंगरही त्यांत आलाच. या भूमीवरील आपली वहिवाट तो सालांत सांगत नाहीं. पूर्वजांचीं नांवें मोजून सांगतो. सरकारदप्तर मात्र सालेंच विचारतें. या दोन प्रकारच्या सांगण्यांतून जो तंटा उत्पन्न झाला, तो आज दीडशें वर्षें होत आलीं तरी पुरता मिटलेला नाहीं.

इंग्रजी अमदानींत १८६५ सालीं जंगलाचा पहिला कायदा झाला, आणि १८७८ सालीं त्याहून पुष्कळच कडक असा दुसरा आला. साग हें रेल्वेच्या आणि इमारतींच्या उपयोगाचें लांकूड. तें राखावें हा सरकारचा हेतु उघड होता. या दुसऱ्या कायद्याची रीत मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. अमुक जंगल राखीव करावयाचें आहे असें सरकारनें जाहीर करावें. त्यावर ज्या कोणाचा हक्क असेल त्यानें, निदान तीन महिन्यांची जी मुदत दिली असेल तींत, अधिकाऱ्यापुढें तो लेखी मांडावा किंवा समक्ष येऊन सांगावा. आणि जो हक्क कोणीं सांगितला नाहीं तो नष्ट झाला असें समजावें. १९२७ च्या कायद्यानें हीच पद्धति कायम ठेवली. उशीर होण्यास पुरेसें कारण होतें असें दाखविणारास सवलत होती, हें खरें. परंतु जो माणूस अक्षरशत्रु, ज्याची बोली कचेरींतील कारकुनास धड कळत नाहीं, आणि बापाच्या शेतावरील आपला हक्क कोणापुढें जाऊन सांगावा लागतो ही कल्पनाच ज्यास अपरिचित, तो हें कारण तरी कोठें जाऊन दाखविणार? गप्प बसणें हाच त्याचा राजीनामा ठरला.

अशा रीतीनें माणसें होतीं तेथेंच राहिलीं आणि जमीन मात्र त्यांच्या पायांखालून निघून गेली. नांगर धरणारा तोच होता, बैल तेच होते; पण त्या शेतकऱ्याचें नांव आतां अतिक्रमण करणारा असें पडलें. राबासाठीं फांद्या तोडल्या कीं गुन्हा, राखीव रानांत गुरें शिरलीं कीं दंड. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत या राबाच्या प्रश्नावरून एवढा गवगवा झाला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें.

अशीच कागदाची कथा पॅलेस्टाइनची आहे, जरी तिचा पट फार मोठा आणि रक्तानें माखलेला आहे. तो देश तुर्की साम्राज्यांत असतां, १८५८ सालीं, जमिनीची नोंद सरकारदप्तरीं व्हावी असा कायदा झाला. कराची आणि लष्करांतील सक्तीच्या भरतीची धास्ती घेऊन पुष्कळ अरब शेतकऱ्यांनीं ती नोंद केलीच नाहीं; कांहीं ठिकाणीं जमीन गांवच्या मातब्बराच्या किंवा दूरच्या शहरांतील व्यापाऱ्याच्या नांवावर चढली, आणि पुढें त्यानें ती विकली तेव्हां कसणारास कळलें कीं आपण केवळ कूळ होतों. युरोपांत पिढ्यानुपिढ्या छळ सोसलेल्या, आणि हिटलरच्या राजवटींत साठ लाख माणसें गमावलेल्या ज्यू समाजासही कोठें तरी निर्भय आसरा हवा होता, हें नाकारतां येत नाहीं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघानें त्या देशाची फाळणी सुचविली. हिंदुस्थानानें तिच्याविरुद्ध मत दिलें. मे १९४८ मध्यें इस्रायलची स्थापना झाली, आणि त्या सुमारच्या लढाईंत सात लाखांहून अधिक अरबांस घरदार सोडावें लागलें. शेजाऱ्यांशीं शांततेनें राहूं इच्छिणाऱ्या निर्वासितांस परत येऊं द्यावें असा ठराव राष्ट्रसंघानें ११ डिसेंबर १९४८ रोजीं केला. परंतु इस्रायलनें १९५० सालीं ‘गैरहजर मालकां’च्या मिळकतींचा कायदा करून त्यांच्या जमिनी सरकारी ताब्यांत घेतल्या. त्यांतही विशेष हें कीं, देशाच्या सीमेबाहेर न गेलेले, शेजारच्याच गांवीं आसऱ्यास गेलेले कित्येक लोकही या कायद्यानें गैरहजर ठरले. जुलै १९४८ मध्यें लोद शहरांतील बहुतेक अरब रहिवासी हांकलले गेले, आणि पुढें तेथें वसविलेल्या ज्यूंत कोंकणांतून गेलेलीं, घरीं मराठी बोलणारीं बेने इस्रायल कुटुंबेंही होतीं. आपण ज्या गल्लींत राहतों ती कोणाची होती, हें त्यांस कोणीं सांगितलें असेल काय? तेथें गैरहजेरी नडली. कळवणास मौन नडलें.

स्वातंत्र्यानंतर कळवणच्या रानांत कायद्याच्या दृष्टीनें फारसें कांहीं बदललें नाहीं. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें तर वनजमिनीचा दुसरा कोणताही उपयोग करण्यास केंद्र सरकारची संमति आवश्यक केली, आणि जुन्या वहिवाटी नियमित करण्याचें काम आणखीच कठीण झालें. ३ मे २००२ रोजीं केंद्रीय वनखात्यानें सर्व राज्यांस अतिक्रमणें काढून टाकण्याविषयीं पत्र धाडलें. त्यावर देशभर जी खळबळ झाली, तिचें फळ म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. वननिवासी आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकांतच आहे; सरकारें अशी कबुली क्वचितच देतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत असेल, त्यास चार हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत तिचा हक्क मिळावा. हक्कपत्र पतिपत्नी दोघांच्या नांवें असावें. जमीन वारसांस जाईल, पण विकतां येणार नाहीं. दावा प्रथम ग्रामसभेपुढें, नंतर उपविभागीय समितीपुढें आणि अखेर जिल्हा समितीपुढें जातो.

या कायद्याचा खरा नवेपणा त्याच्या नियमांतील पुराव्याच्या भागांत आहे. घर, झोंपडी, बांध, स्मशान, देवस्थान, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज गांवांतील दुसऱ्या वृद्ध माणसाची लिहून घेतलेली हकीकत, हें सारें पुरावा म्हणून ग्राह्य झालें. म्हणजे शिवेवरचा वाघदेवही साक्षीस उभा राहूं लागला! त्याहून विलक्षण गोष्ट दंडाच्या पावतीची. ज्या पावतीनें आजा गुन्हेगार ठरला होता, तीच जपून ठेवलेली असली तर नातवाच्या दाव्यांत सरकारी कागद म्हणून उपयोगीं पडे. अमुक सालीं तो त्या जमिनींत होता, हें सरकारनेंच लिहून दिलेलें होतें. ज्या घरांत ती पावती गळक्या छपराखालीं भिजून गेली किंवा दंड भरल्याच्या लाजेनें चुलींत टाकली गेली, तें घर एका पुराव्यास मुकलें.

इतकें असूनही दावे अडलेच. कित्येक नामंजूर झाले; कित्येकांस प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा लहानसा तुकडाच हक्कपत्रांत मिळाला. रान राखण्याचा आग्रह धरणारांची बाजू अगदींच पोकळ आहे असें नव्हे. या डोंगरांतून गिरणा उगम पावते. चणकापूरच्या धरणांतील तिच्या पाण्यावर पूर्वेकडील कांद्याचे मळे आणि मालेगांव शहर यांची भिस्त आहे, आणि उतार उघडे पडले तर त्याची झळ तेथवर पोंचेल. मात्र मळेवाल्याच्या पाण्याची किंमत एकट्या डोंगरकऱ्यानें आपल्या शेतानिशीं कां भरावी, याचें उत्तर या पक्षाकडून क्वचितच मिळतें.

६ मार्च २०१८ रोजीं किसान सभेचा जो मोर्चा नाशिकहून पायीं मुंबईस निघाला, तो श्रोत्यांच्या स्मरणांत असेलच. कळवणचे त्या वेळचे आमदार जिवा पांडू गावित हे त्याच्या पुढाऱ्यांपैकीं होते. सुमारें १८० किलोमीटरांचा रस्ता, वर उन्हाळ्याची चाहूल, आणि चालणारांत म्हाताऱ्या बायाही होत्या. दुसऱ्या दिवशीं दहावीच्या मुलांची परीक्षा, त्यांस रहदारीची अडचण नको, म्हणून ११ तारखेस थकून शीवला पोंचलेले हे लोक रात्रींच उठून आझाद मैदानाकडे चालूं लागले. त्यांच्यांतील कितीकांनीं स्वतः दहावीचा वर्ग पाहिला नव्हता. १२ मार्च रोजीं सरकारनें वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालांत काढण्याचें लेखी आश्वासन दिलें.

पुढच्याच वर्षीं, १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांस जमिनींवरून काढावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला, आणि २८ फेब्रुवारीस त्यास स्वतःच स्थगिति दिली. त्या पंधरा दिवसांत डोंगरांतील घरोघरीं काय बोललें गेलें असेल, याची कल्पनाच करावी. मार्च २०२३ मध्यें दिंडोरीहून पुन्हां मोर्चा निघाला आणि ठाणें जिल्ह्यांत वासिंदपर्यंत गेला. या वेळच्या मागण्यांतील एक वरवर पाहतां कारकुनी स्वरूपाची होती. हक्कपत्र हातीं आलें तरी सातबाऱ्यावर धनी म्हणून वनखात्याचेंच नांव राहतें, आणि कसणाराचें नांव ‘इतर हक्क’ या रकान्यांत जातें; तें कब्जेदाराच्या रकान्यांत लिहावें, एवढ्याचसाठीं माणसें पुन्हां चालत निघालीं होतीं.