घरी शिकणारी आणि घरी बसलेली

आज बोलूया घरीच शिकणाऱ्या मुलांबद्दल. म्हणजे शाळेत जात नाहीत, आणि काय शिकायचं हे बऱ्याच अंशी मूलच ठरवतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात "पोरगी घरीच असते" असं कोणी म्हटलं, तर त्याचा अर्थ वेगळाही असू शकतो. शाळा सुटली, आता धाकट्या भावाला सांभाळते. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. मग फरक ओळखायचा कसा?

आधी मुलाच्या कलाने शिकणं म्हणजे काय, ते बघू. समजा, लोणारच्या सरोवरावर गेलेली दहा वर्षांची मुलगी विचारते, "हे पाणी खारं काहून आहे?" समुद्र तर कितीतरी लांब. लगेच उत्तर देऊन टाकलं, की विषय संपला. त्याऐवजी आजी तिला लवणासुराची गोष्ट सांगते. बाबा विचारतात, "या पाण्याला बाहेर जायला वाट आहे का गं?" घरी येऊन ती ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. सरोवराचंही तसंच: पाणी आत येतं, बाहेर वाहून जात नाही, वाफ होते, क्षार साचत जातात.

आता पुढचा प्रश्न. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, ते कशाने? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य हे त्याचं कारण निघालं. एका प्रश्नातून भूगोल, रसायन, जीवशास्त्र, सगळं आलं. आणि पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आता मला सायकल खोलायची आहे," तर तेही चालतं. मोठ्यांनी लक्ष ठेवायचं ते एवढंच, की वाचन आणि हिशेब मागे पडत नाहीत ना.

म्हणजे यात मोठ्यांना सुट्टी नाही. उलट काम वाढतं. घरात वेळ देणारं माणूस लागतं, पुस्तकं लागतात. आई-वडील दोघंही दिवसभर कपाशीत, सोयाबीनमध्ये राबत असतील, तर शाळेतली मोफत पुस्तकं आणि पोषण आहार हाच मोठा आधार आहे. तो सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही.

आता एक खरं उदाहरण. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली आणि घरी शिकताना ती प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं. पदकं सगळ्यांनाच मिळत नाहीत, मंडळी. म्हणून कागदाची सोय आधीच बघून ठेवायची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसमधून वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर तुम्हाला माहीतच असेल.

तर फरक ओळखायला तीन प्रश्न विचारा. घरी राहायचं हे कोणी ठरवलं? तिच्या दिवसातले किती तास तिचे स्वतःचे आहेत? आणि उद्या ती म्हणाली, "मला शाळेत जायचंय," तर घरचे पाठवतील का? तिन्हींची उत्तरं तिच्या बाजूची असतील, तर ती शिकते आहे. नसतील, तर तिची शाळा सुटली आहे, त्याला नाव काहीही द्या. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय. अशी मुलगी तुमच्या गल्लीत असेल, तर जवळच्या शाळेतल्या सरांशी, मॅडमशी बोला. वय जास्त झालं तरी वयानुसार वर्गात तिला घ्यावं लागतं.

आणि तुम्ही स्वतः शाळा-कॉलेजात असाल, तर या रविवारी एक प्रश्न धरा. परीक्षेत न येणारा, फक्त तुमचा. कोणता धरला, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!