व्रणरहित शस्त्रक्रिया आणि मूत्रविकार
(ग्रँड कॅनाल डॉक, डब्लिन येथील मेळाव्यात दिलेले भाषण)



मी परिचारिकेची पदविका घेऊन मुंबईत रुग्णसेवा केली. त्यामुळे आजचा विषय शस्त्रवैद्याच्या नव्हे, तर रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने मांडणार आहे.

आमच्या उमेदीच्या काळी मूत्रपिंड काढावयाचे म्हणजे कुशीत वीतभर छेद घेत. कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. पुढे रुग्णाला खोकला आला की आम्ही त्याच्या जखमेवर उशी दाबून धरीत असू. वेदनेच्या भयाने तो दीर्घ श्वास घेईना, मग छातीत कफ साठे. छेद लहान असावा, हा विचार केवळ सौंदर्याचा नाही तो यामुळे.

१९९० साली अमेरिकेत डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीने मूत्रपिंड काढले आणि मोठ्या छेदाची जागा तीन-चार लहान छिद्रांनी घेतली. पुढचा प्रश्न असा, की एकच छिद्र का नसावे? बेंबी हा तर जन्मतःच मिळालेला व्रण. नवा व्रण तिच्या घडीत लपून जातो. यासाठीचे 'आर-पोर्ट' हे साधन आपल्या शेजारच्या विकलो परगण्यातील कंपनीचे, आणि ते आरंभी वापरणाऱ्यांत डोंबिवलीचे डॉ. प्रदीप राव होते. डॉ. मिहिर देसाई, डॉ. राव आणि सहकाऱ्यांनी बेंबीतून केलेल्या अशा शस्त्रक्रियांचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध केला.

तथापि एकाच छिद्रातून घातलेली हत्यारे एकमेकांवर आदळतात. म्हणून ही पद्धती सर्वत्र रुजली नाही. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रोबोट यंत्र सुमारे अडीच सेंटिमीटरच्या नळीतून कॅमेरा व तीन वळणारी हत्यारे आत नेते. अडचण पुष्कळशी सुटली. खर्च मात्र वाढला.

खरे व्रणरहित उपचार जुनेच आहेत. गॉलवेचे पीटर फ्रेयर हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत असताना मूत्रमार्गातूनच मुतखडा फोडून बाहेर काढीत. त्याच फ्रेयरनी १९०० साली लंडनमध्ये ओटीपोट उघडून प्रोस्टेटची वाढ काढण्यास आरंभ केला. आज ती वाढ लेझरने पुन्हा नैसर्गिक मार्गानेच काढता येते; त्वचेवर ओरखडाही उठत नाही.

माझी विनंती आपल्या वडीलधाऱ्या पुरुषांना आहे. रात्री चार वेळा उठावे लागते, धार मंद होते, हे लाजेने घरातही सांगत नाहीत. मूत्र कोंडले म्हणजे मग धावपळ. लघवीतून रक्त दिसले, तर दुखत नसले तरीही त्याच आठवड्यात वैद्यास भेटा. शस्त्रक्रिया ठरलीच, तर व्रण किती इंचांचा हे शेवटी विचारा. आधी विचारा: आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या? रक्तस्राव झाल्यास मोठा छेद घ्याल काय? मूत्रावरील ताबा राहील काय? आजार मुळापासून जाईल काय? आणि उत्तरे ऐकावयास घरातील एक माणूस बरोबर न्या.