रिमांड म्हणजे हार नव्हे



आपल्या नागपूर-कामठीकडे फौजी घरे पुष्कळ. कामठीला तर गार्ड्स रेजिमेंटचे केंद्रच आहे. म्हणून आज आम्ही फौजी पेन्शनच्या कामातला एक शब्द समजावून सांगणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘रिमांड’.

रिमांड म्हटले की आपल्याला पोलीस कोठडी आठवते. पण पेन्शनच्या कामात कोणी कोठडीत जात नाही बरं! इथे रिमांड म्हणजे प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवणे.

हे कसे घडते? जवान नोकरीत जखमी होतो, आजारी पडतो. डॉक्टरांचे मंडळ त्याला तपासते. ते दोन गोष्टी लिहिते. अपंगत्व किती टक्के आहे? आणि ते नोकरीमुळे आले किंवा वाढले काय? मंडळाने ‘नोकरीमुळे नाही’ असे लिहिले, की बहुधा अपंगत्वाची पेन्शन नाकारतात. मग जवानाने खात्याकडे अपील करावे. तिथेही नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. म्हणजे फौजेच्या माणसांचे कोर्टच. 2007 च्या कायद्याने ते झाले. त्याचे एक पीठ मुंबईला आहे.

न्यायाधिकरण कधी अर्ज मंजूर करते, कधी नामंजूर करते. कधी मात्र म्हणते, ‘मंडळाने कारण लिहिले नाही. पुन्हा तपासा आणि कारणासह निर्णय द्या.’ हाच रिमांड. शाळेत उत्तरपत्रिका फेरतपासणीला जाते ना, तसेच हे. मुलगा अजून पास नाही आणि नापासही नाही.

कारण लिहिणे का महत्त्वाचे? धरमवीर सिंग 1985 साली फौजेत गेले. फिट येतात म्हणून 1994 साली त्यांना घरी पाठवले. पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती. मंडळानेही कारण दिले नव्हते. मग आजार नोकरीतलाच मानावा, असे न्यायालय म्हणाले.

तेव्हा रिमांड झाला म्हणून घरी रडत बसू नका. पेन्शन मिळालीच, असे समजून कर्जही काढू नका. हुकमाची नक्कल घ्या. नवे मंडळ बोलावील त्या तारखेला हजर राहा. भरतीचे, दवाखान्याचे आणि नोकरी सुटल्याचे कागद सोबत न्या. पुन्हा नकार आला, तर पुन्हा दाद मागता येते.

उशीर मात्र करू नका. उशिरा गेल्यास मागची सगळी थकबाकी मिळेलच असे नाही.

दलालाला पैसे देऊ नका. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अपंग माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो.

आता तुम्हांला वाचता येते. सहीआधी कागद स्वतः वाचा. अडेल तिथे विचारा. हक्काचे मागायला लाज कसली?